मेलेल्या बापाचे अश्रू : ‘इलियड’मधलं पिलायमेनीस प्रकरण

‘इलियड’ हे होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं प्राचीन ग्रीक महाकाव्य. त्याच्या पाचव्या सर्गात ग्रीकांकडचा मेनेलॉस ट्रॉयच्या बाजूने लढणाऱ्या पॅफ्लागोनियाच्या राजाला मारतो. राजाचं नाव पिलायमेनीस. तो उभा असतानाच मेनेलॉसचा भाला त्याच्या गळ्याच्या हाडावर बसतो आणि तो संपतो. पुढे तेराव्या सर्गात राजा पिलायमेनीसचा मुलगा हार्पालिऑन बाण लागून मरतो. त्याचे लोक त्याला रथात घालून ट्रॉयकडे नेतात आणि होमर सांगतो की त्यांच्याबरोबर त्याचा बाप रडत चालला होता.

बाप म्हणजे पिलायमेनीस. आठ सर्गांपूर्वी मेलेला.

अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातल्या पंडितांपासून आजपर्यंत, म्हणजे सुमारे २३०० वर्षं, या दोन जागांची चर्चा चालू आहे. त्यातला सगळ्यात सोपा तोडगा असा, की पिलायमेनीस दोन होते. नाव एक, माणसं दोन. ग्रीक व्याकरणकार याला ‘होमोनिमिया’ म्हणत. आपण नामसाधर्म्य म्हणू. ग्रीक पुराणकथा वाचणाऱ्याला हा तोडगा सतत वापरावा लागतो, कारण तिथे एकेका नावाखाली पाच-पाच, सात-सात माणसं निघतात आणि त्यातली बहुतेक दोन ओळींची धनी असतात. पण हा तोडगा कुठे खरा असतो आणि कुठे नुसती पळवाट, हे ठरवायचं कसं? या प्रश्नासाठी पिलायमेनीसइतकं चांगलं प्रकरण मला दुसरं माहीत नाही.

दोन जागा, जवळून

पहिली जागा पाचव्या सर्गातल्या ५७६व्या ओळीपासून सुरू होते. राजाच्या वाट्याला जेमतेम चार ओळी येतात. ‘युद्धदेव आरीसच्या तोडीचा’, ‘ढालधारी, मोठ्या मनाच्या पॅफ्लागोनियनांचा म्होरक्या’, आणि भाला. बास. त्यानंतर कवी वळतो तो राजाच्या सारथ्याकडे. त्याचं नाव मिडॉन, अटिम्निअसचा मुलगा. तो घोडे वळवत असताना ग्रीक वीर अँटिलोकस दगड मारून त्याचं कोपर फोडतो. हस्तिदंताने पांढरे दिसणारे लगाम त्याच्या हातातून धुळीत पडतात. मग कानशिलावर तलवार. मिडॉन रथातून डोक्यावर खाली पडतो, आणि वाळू खोल असल्यामुळे डोकं-खांदे वाळूत रुतून तसाच उलटा उभा राहतो, त्याच्याच घोड्यांची लाथ लागून आडवा होईपर्यंत. राजाला चार ओळी आणि सारथ्याला दहा. एकदा वाचलेला मिडॉन विसरता येत नाही. राजा मात्र सहज विसरला जातो, आणि हे पुढे फार महत्त्वाचं ठरणार आहे.

दुसरी जागा तेराव्या सर्गात ६४३ ते ६५९ या ओळींत आहे. हार्पालिऑन ‘आपल्या लाडक्या बापाच्या मागोमाग ट्रॉयला लढायला आला, आणि मायदेशी परत गेला नाही’. तो मेनेलॉसच्या ढालीच्या मध्यावर भाला मारतो, पण पातं आरपार जात नाही. तो मागे सरकतो, कुणाचं शस्त्र लागू नये म्हणून चारी बाजूंना बघत. ग्रीकांकडच्या मेरिओनीसचा बाण त्याच्या उजव्या ढुंगणात घुसतो आणि हाडाखालून मूत्राशय फोडून पुढे जातो. हार्पालिऑन खाली बसतो, मित्रांच्या हातांत प्राण सोडतो, आणि ‘गांडुळासारखा’ जमिनीवर लांब पसरतो. एरवी सिंह, रानडुक्कर, उन्मळलेला वृक्ष अशा उपमांत रमणाऱ्या कवीने या पोरासाठी गांडूळ निवडलं. मग दोन ओळी अशा : त्यांच्याबरोबर बाप आसवं ढाळत चालला होता, आणि मेलेल्या मुलाचा मोबदला काही मिळाला नाही. मोबदला म्हणजे ‘पोइने’, खुनाबद्दल द्यायची भरपाई किंवा उगवलेला सूड.

या दोन जागांमध्ये काय काय घडतं तेही बघायला हवं. पाचवा सर्ग हा काव्यातल्या लढाईचा पहिला दिवस, तेरावा सर्ग तिसरा दिवस. मधे सातव्या सर्गात दोन्ही बाजू लढाई थांबवून आपापले मृतदेह गोळा करतात. तिथे होमर म्हणतो, की कोण कुठला माणूस आहे हे ओळखणंही कठीण झालं होतं. ट्रॉयचे लोक पाण्याने रक्त धुतात, कढत आसवं गाळत प्रेतं गाड्यांवर चढवतात. मोठ्याने रडायला ट्रॉयचा राजा प्रायम याने बंदी केली आहे, म्हणून चिता रचतात त्याही मुक्याने. म्हणजे काव्याच्या हिशोबाने पॅफ्लागोनियाचा राजा मरून त्याची राखही झाली आहे. जखमी होऊन वाचला असेल, ही वाट बंद.

अलेक्झांड्रियाचे उपाय

प्राचीन पंडितांना ही अडचण स्पष्ट दिसली होती, आणि त्यांनी एक नाही, चार वाटा काढल्या.

अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा पहिला प्रमुख झेनोडोटस, इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातला. त्याने एका जागी नावाचं पहिलं अक्षर बदललं : ‘पिलायमेनीस’चं ‘किलायमेनीस’. वृत्त अबाधित, घोळ मिटला. ही दुरुस्ती वरवर वाटते तितकी मनमानी नाही. दुसऱ्या सर्गातल्या ट्रॉयच्या मित्रराजांच्या यादीत मिओनियाच्या दोन सरदारांचा बाप ‘तालायमेनीस’ आहे. त्या मुलखातल्या नावांचा असा साचा कवीच्या कानात होता, तेव्हा किलायमेनीस शोभून दिसतं. फक्त एक अडचण आहे. हा किलायमेनीस या दुरुस्तीपलीकडे कुठेच सापडत नाही.

काहींनी नावाला हात न लावता वाक्यात एक ‘नाही’ घातला. मूळ ओळ सुरू होते ‘मेता दे स्फि पातेर किए’, म्हणजे ‘त्यांच्यासोबत बाप चालला होता’. (हा ‘पातेर’ म्हणजे आपल्या ‘पितृ’चा सख्खा भाऊ.) तिथे ‘मेता द’ ऊ स्फि’ वाचलं की अर्थ उलटतो : त्यांच्यासोबत बाप नव्हता. मला ही युक्ती फार हुशार वाटते. मुलाच्या प्रेतामागे चालायला बाप उरला नव्हता, ही कल्पना एकटी घेतली तर सुंदरही आहे. पण पुढचे शब्द आहेत ‘आसवं ढाळत’. नसलेल्या बापाला आसवं कशाला द्यायची? कुणीतरी कोडं सोडवायला ही ओळ वाकवली आहे, हे तिच्या अंगावरच दिसतं.

तिसरी वाट बायझँटियमच्या अ‍ॅरिस्टोफेनीसची (नाटककार अ‍ॅरिस्टोफेनीस वेगळा, नामसाधर्म्य पंडितांनाही चुकलेलं नाही). त्याने त्या दोन ओळीच संशयित ठरवल्या. अशा ओळी पंडित खोडून टाकत नसत. समासात एक आडवी रेघ, ‘ओबेलोस’, काढून ठेवत, म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की ही ओळ होमरची असल्याबद्दल शंका आहे. ही पद्धत मला फार मोलाची वाटते. शंका नोंदवायची आणि पुरावाही ठेवायचा. याच सवयीमुळे आज आपण वाद घालू शकतो.

चौथी वाट नामसाधर्म्याची : ओळी ठेवा, पिलायमेनीस दोन होते असं समजा.

हे सगळं आपल्यापर्यंत पोचलं ते मुख्यतः एका हस्तलिखिताच्या समासातल्या टिपांमुळे. दहाव्या शतकातलं ते हस्तलिखित आज व्हेनिसच्या मार्चियाना ग्रंथालयात आहे आणि अभ्यासक त्याला ‘व्हेनेटस ए’ म्हणतात. मधे होमरच्या ओळी आणि चारही बाजूंनी बारीक अक्षरात टिपा, अशी त्याची पानं आहेत. व्हिल्वाझोन या फ्रेंच विद्वानाने १७८८ मध्ये या टिपा छापल्या, तेव्हा युरोपला पहिल्यांदा कळलं की आपण ज्यावर आत्ता भांडतो आहोत त्यावर दोन हजार वर्षांपूर्वीच भांडून झालं आहे.

नावांची वही

‘इलियड’मध्ये दोनशेहून जास्त माणसं नावानिशी मरतात. वाचताना त्यांची एक वही करावी असं मला वाटलं, आणि पहिल्या आठवड्यातच ती वही गोंधळली. तेव्हापासून मी प्रत्येक नावापुढे पाच गोष्टी लिहायला लागलो : बाप कोण, गाव कोणतं, कुणी मारलं, जखम कुठे झाली, शेजारी कोण होतं. आपल्याकडे नावानंतर बापाचं नाव लावायची रीत असल्यामुळे पहिला रकाना मराठी माणसाला आपोआप सुचतो. ग्रीकांकडेही तेच : पेलिऊसचा तो पेलिडीस, अट्रिऊसचा तो अट्रिडीस. बाप कळला की निम्मा गुंता सुटतो. आपण थोरले माधवराव आणि सवाई माधवराव म्हणतो, तसे तिथे थोरला अजॅक्स आणि धाकटा अजॅक्स आहेत. पण हे मानकरी लोक. दोन ओळींच्या माणसाला ‘थोरला’ कोण म्हणणार?

वहीतली दोन-तीन पानं इथे उघडतो.

स्केडिअस हे पहिलं. फोकिस प्रांतातल्या सैनिकांचा नायक, ग्रीकांच्या बाजूचा. पंधराव्या सर्गात ट्रॉयचा वीर हेक्टर स्केडिअसला मारतो : पेरिमिडीसचा मुलगा, फोकियनांचा नायक. सतराव्या सर्गात हेक्टर पुन्हा स्केडिअसला मारतो : इफिटसचा मुलगा, फोकियनांतला सर्वोत्तम, पॅनोपिअसचा रहिवासी. मुलूख तोच, हुद्दा तोच, मारणारा तोच. फक्त बाप वेगळा. दुसऱ्या सर्गातल्या यादीत इफिटसचाच मुलगा दिला आहे, म्हणजे पेरिमिडीसचा मुलगा ऐन वेळी आलेला दिसतो. संशय येतो खरा. तरी इथे मी नामसाधर्म्य मान्य करतो, कारण काव्यानेच फरकाची खूण ठेवली आहे.

दुसरं पान अड्रेस्टसचं. ट्रॉयच्या बाजूने लढणारा अड्रेस्टस तीनदा मरतो. सहाव्या सर्गात त्याचे घोडे झुडपात अडकून रथ मोडतो, तो मेनेलॉसचे गुडघे धरून जिवाची भीक मागतो, मेनेलॉस विरघळतो, आणि अगामेम्नॉन धावत येऊन त्याला मारतो. अकराव्या सर्गात पर्कोटीच्या मेरोप्सची दोन मुलं डायोमिडीसच्या हातून मरतात. तिथे त्यांची नावं नाहीत, पण दुसऱ्या सर्गातल्या यादीवरून त्यातला एक अड्रेस्टस आहे हे कळतं. सोळाव्या सर्गात अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस आणखी एका अड्रेस्टसला मारतो. तीन मृत्यू, म्हणजे तीन माणसं. काही अडत नाही, कारण कुणीच दुसऱ्याच्या जागेवर बसत नाही.

तिसरं पान क्रोमिअसचं, आणि माझ्या मते सगळं प्रकरण या पानावर उलगडतं. क्रोमिअस पाच तरी आहेत. प्रायमचा मुलगा, भावासह एकाच रथात मेलेला. ट्यूसरच्या बाणांनी पडलेल्या आठांतला एक. हेक्टरबरोबर अकिलीसचे घोडे पकडायला धावणारा. आणि उरलेले दोन असे : चौथ्या सर्गात वृद्ध नेस्टर आपल्या पिलॉसच्या सरदारांना रांगेत उभं करतो, तिथे ‘अलास्तोरा ते ख्रोमिओन ते’, म्हणजे ‘अलास्टर आणि क्रोमिअस’. पाचव्या सर्गात ओडिसियस लिशियाच्या सात माणसांना दोन ओळींत कापतो, तिथे पुन्हा ‘अलास्तोरा ते ख्रोमिओन ते’. ओळीतली जागा तीच, शब्द तेच, शेवटचं अक्षरही तेच. एक जोडी ग्रीकांकडे, दुसरी त्यांच्या शत्रूकडे, समुद्राच्या दोन टोकांची.

(हा ‘ते’ म्हणजे संस्कृतातला ‘च’. मूळ एकच, आणि दोन्ही भाषांत तो शब्दाच्या मागेच येतो. ‘रामश्च लक्ष्मणश्च’ म्हणायची सवय असलेल्या कानाला ‘अलास्तोरा ते ख्रोमिओन ते’ची लय लगेच सापडते.)

ही दोन माणसं कवीने माणसं म्हणून निवडलीच नव्हती. त्याच्याकडे अर्धी ओळ होती, षट्पदी वृत्ताच्या शेवटात चपखल बसणारी. जिथे दोन नावं हवीत तिथे ती जाऊन बसते. सोळाव्या सर्गात पॅट्रोक्लस मरायला टेकलेला असताना कवी त्याला थेट विचारतो, ‘देवांनी तुला मरणाकडे बोलावलं, तेव्हा पॅट्रोक्लस, तू आधी कुणाला मारलंस, शेवटी कुणाला?’ आणि तीन ओळींत नऊ नावं येतात : अड्रेस्टस, ऑटोनोअस, एखेक्लस, मेगासचा मुलगा पेरिमस, एपिस्टर, मेलानिपस, एलासस, मुलिअस, पिलार्टीस. यातली सहा नावं काव्यात इतरत्रही आहेत. मुलिअस एकदा नेस्टरच्या तरुणपणीच्या आठवणीत मरतो, एकदा इथे, आणि एकदा अकिलीसच्या हातून. हा नावांचा साठा आहे. सुताराच्या पेटीत खिळे असतात, तसा.

हा साठा कसा चालतो ते विसाव्या शतकात मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने दाखवलं. १९३३ ते १९३५ या काळात त्याने युगोस्लाव्हियातल्या गायकांची वीरगीतं ध्वनिमुद्रित केली, त्याचा सहकारी आल्बर्ट लॉर्ड याने ते काम पुढे नेलं. त्यांच्यातला अव्दो मेजेदोविच या गायकाने बारा हजारांहून अधिक ओळींचं एक गीत सांगितलं. असा गायक पाठ म्हणत नाही. तयार शब्दगुच्छ आणि तयार प्रसंग हाताशी घेऊन समोरच्या बैठकीत गाणं रचत जातो. रात्रभर आख्यान लावणारा आपला गोंधळी ज्याने ऐकला आहे, त्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

नावं खऱ्या लोकांतही सर्रास होती, याचाही पुरावा आहे. मायकेल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये लिनियर बी ही प्राचीन ग्रीक लिपी उलगडली, त्यानंतर क्नोसॉस आणि पिलॉसच्या मातीच्या पाट्यांवर अकिलीस हे नाव सापडलं, पिलॉसला हेक्टरही सापडला. हे कुणी वीर नव्हते. राजवाड्याच्या हिशोबात नोंद झालेली साधी माणसं होती, होमरच्या कितीतरी शतकं आधीची.

नामसाधर्म्य जन्मतं कसं

इथे थोडा फाटा फोडतो, कारण तो संस्कृत शिकलेल्या वाचकाला आवडेल. ‘इलियड’मध्ये ‘आयान्ते’ असं द्विवचन वारंवार येतं, ‘दोन अजॅक्स’. सगळे त्याचा अर्थ थोरला आणि धाकटा असा घेतात. १८७७ मध्ये भाषाशास्त्रज्ञ याकोब वाकरनागेलने म्हटलं, की मुळात याचा अर्थ ‘अजॅक्स आणि त्याचा भाऊ ट्यूसर’ असा असणार. आधार कुठला? वेदातला. ‘मित्रा’ या द्विवचनाचा अर्थ मित्र आणि वरुण. ‘पितरौ’ म्हणजे आई आणि बाप. जोडीतल्या एकाचं नाव घेऊन दोघं सांगायची ही जुनी रीत ग्रीकमध्ये विसरली गेली, आणि ‘दोन अजॅक्स’ ऐकणाऱ्याने दुसरा अजॅक्स शोधला. हे मान्य केलं तर एका विसरलेल्या द्विवचनाने दोन सनाम वीरांची जोडी लावली असं म्हणावं लागतं. मला हे पटतं. नाव सारखं असणं ही प्रत्येक वेळी दोन माणसांची गोष्ट नसते, कधी ती व्याकरणाचीही असते.

पिलायमेनीसला हे लागू पडतं का?

आता रकाने भरू. बाप : होमरने दिलेलाच नाही. बिल्साटीस हे नाव अपोलोडोरसच्या नावावर चालणाऱ्या पुराणसंग्रहात येतं, काव्यात नाही. मुलूख : दोन्हीकडे पॅफ्लागोनिया, आजच्या तुर्कस्तानचा काळ्या समुद्रालगतचा भाग, बार्तिन नदी आणि आमास्रा गावाचा. हुद्दा : दोन्हीकडे त्या लोकांचा प्रमुख. दुसऱ्या सर्गातल्या यादीत त्या मुलखाचा नायक म्हणून एकच माणूस सांगितला आहे, ‘केसाळ काळजाचा पिलायमेनीस’, रानखेचरांसाठी प्रसिद्ध असलेल्या एनेती लोकांमधून आलेला. समोर कोण : दोन्हीकडे मेनेलॉस.

म्हणजे स्केडिअसच्या पानावर जी एक फट होती ती इथे नाही. मेलेला आणि रडणारा यांना वेगळं करायला एकही खूण काव्यात नाही. एकाच फौजेत एकाच हुद्द्यावर एकाच नावाचे दोन राजे होते असं म्हणणं म्हणजे काव्यात नसलेला माणूस आपण तयार करणं. झेनोडोटसने निदान अक्षर बदलून ते उघडपणे केलं. ‘दोन असतील’ म्हणणारा तेच काम आडून करतो.

माझं मत असं : पिलायमेनीस एकच. तो पाचव्या सर्गात मेला. तेराव्या सर्गात कवीपुढे एक प्रसंग होता, दूरदेशी बापाबरोबर आलेला आणि बापाच्या डोळ्यांदेखत मेलेला मुलगा. त्या प्रसंगाला रडणारा बाप लागतो. पॅफ्लागोनिया म्हटलं की पिलायमेनीस हे नाव जिभेवर येतं, आणि चार ओळींत उरकलेलं त्याचं मरण तेव्हा आठवणीत नसतं. मिडॉन असता तर आठवला असता.

माझ्या बाजूने आणखी एक पुरावा मला काव्यातच दिसतो. हार्पालिऑन कुणावर चालून जातो? मेनेलॉसवर. आपल्या बापाला मारणाऱ्यावर! कवीला पाचवा सर्ग आठवत असता तर ही सूडाची संधी त्याने सोडली नसती. ‘इलियड’मध्ये भावाचा, मित्राचा, पाहुण्याचा सूड पानोपानी आहे, हार्पालिऑन मेल्यावर ट्रॉयचा राजपुत्र पॅरिसही चिडतो तो याच कारणाने, की पॅफ्लागोनियात हार्पालिऑनने त्याचा पाहुणचार केला होता. इथे सूडाचा एक शब्द नाही. मेनेलॉस आणि पॅफ्लागोनियाचं राजघराणं ही सांगड कवीच्या मनात पक्की राहिली, तिच्यामागची घटना निसटली.

रोमन कवी होरेस म्हणाला होता की थोर होमरलाही कधी डुलकी लागते. हे वाक्य अशा जागांवर नेहमी चिकटवतात. मला ते पुरेसं वाटत नाही. डुलकी लागलेल्या माणसाच्या हातून ‘मेलेल्या मुलाचा मोबदला काही मिळाला नाही’ ही ओळ येत नाही.

पुण्यातली एक पद्धत

असंच कोडं महाभारतात आहे, आणि ते हाताळायची शिस्त मी तिकडूनच शिकलो. विंद-अनुविंद ही जोडी घ्या. अवंतीचे विंद-अनुविंद द्रोणपर्वात अर्जुनाच्या हातून मरतात. कर्णपर्वात केकयांचे विंद-अनुविंद सात्यकीच्या हातून मरतात. धृतराष्ट्राच्या शंभर मुलांच्या यादीतही विंद आणि अनुविंद आहेत. अलास्टर-क्रोमिअससारखीच ही नावं जोडीने फिरतात. आणि ‘नरो वा कुंजरो वा’ तर आपण रोज म्हणतो; एक नाव माणसाला आणि हत्तीला असल्यामुळे द्रोणाचार्यांचा प्राण गेला.

भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये सुरू केलं आणि मुख्य ग्रंथ १९६६ मध्ये पुरा झाला. १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. संपादक विष्णु सीताराम सुकथनकर बर्लिनला शिकलेले, म्हणजे होमरच्या संहितेवर तयार झालेल्या युरोपीय पद्धतीत मुरलेले. त्यांनी कल्पनेने पाठ दुरुस्त करणं जवळजवळ टाळलं. हस्तलिखितं विसंगती दाखवत असतील तर विसंगती छापायची आणि पाठभेद तळटीपेत द्यायचे. झेनोडोटसचं अक्षर आणि कुणाचा तरी तो ‘नाही’ मला नको वाटतात ते याच कारणाने. अ‍ॅरिस्टोफेनीसची समासातली रेघ मला जवळची वाटते, पण त्या दोन ओळींवर मी तीही काढणार नाही.

नाव पुढे गेलं

रोमन इतिहासकार लिव्हीने आपला ग्रंथ सुरू करताना सांगितलं आहे, की पॅफ्लागोनियातून हाकलले गेलेले एनेती लोक नवं घर आणि नवा नायक शोधत होते, कारण त्यांचा राजा पिलायमेनीस ट्रॉयला कामी आला होता. ते ट्रॉयच्या अँटीनॉरबरोबर इटलीच्या ईशान्य टोकाला गेले आणि व्हेनेती झाले. म्हणजे लिव्हीच्या परंपरेने पाचवा सर्ग खरा मानला : राजा मेला. त्या व्हेनेतींवरूनच पुढे व्हेनिसला नाव मिळालं, आणि पिलायमेनीसबद्दलच्या टिपा जपणारं हस्तलिखित आज त्याच शहरात आहे. पहिल्यांदा हे दोन धागे जुळले तेव्हा मी बराच वेळ वही बंद करून बसलो होतो.

तिकडे मूळ मुलखात हे नाव राजघराण्याचं झालं. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस बिथिनियाचा राजा निकोमिडीस याला पॅफ्लागोनियाच्या गादीवर आपला मुलगा बसवायचा होता. त्याने मुलाचं नाव बदलून पिलायमेनीस ठेवलं, कारण तिथले राजे ते नाव घेत. दोन पिलायमेनीसांचा तोडगा इथे इतिहासात खरा ठरतो. पण यावरून मागे जाऊन होमरच्या काव्यात दुसरा राजा बसवता येत नाही. ही माणसं होमर वाचून ते नाव घेणारी होती.

माझ्या वहीत आता पिलायमेनीसच्या नावे एकच नोंद आहे. मृत्यू : सर्ग ५, मेनेलॉस, गळ्याचं हाड. शोक : सर्ग १३, मुलगा हार्पालिऑन. दोन्हींत आठ सर्गांचं अंतर, खुलासा नाही. खाली अलेक्झांड्रियाचे चारही उपाय, कुणाचे ते लिहून.

हार्पालिऑनचं पान वेगळं केलं आहे. तिथे जखम, गांडुळाची उपमा आणि पॅरिसची मैत्री लिहून झाल्यावर मी ते मिटवणार होतो. मग स्मर्नाच्या क्विंटसने होमरनंतर हजारेक वर्षांनी लिहिलेल्या ट्रॉयच्या काव्यात दहाव्या सर्गापाशी थांबावं लागलं. तिथे ट्रॉयचा वीर ईनिअस एका ग्रीक माणसाला मारतो : बिओशियाचा, अरिझीलस आणि अँफिनोमीचा मुलगा, नाव हार्पालिऑन. बाप वेगळा, आई सांगितलेली, मुलूख वेगळा, बाजू वेगळी, मारणारा वेगळा. नवं पान घेतलं.